कोथिंबिरीखालची जाळी

आईला हे माहीत नाही. बाबांना नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या विशाखाताईंना तर नाहीच. मी कमी बोलते, म्हणून माझ्याकडे लपवण्यासारखं काही नसणार, असं लोक धरून चालतात. सोयीचं आहे ते.

उंदरापासून सुरुवात करते. तेवढं सोपं आहे.

इथे आखातात, अदलियात, आमच्या घरामागे जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे, नुसती वाळू. आईनं पोत्यांनी माती आणून तिथे वाफा केला — कोथिंबीर, मेथी, कडेला कढीपत्ता. उंदीर खालून पोखरत यायचे. सकाळी मातीचे उंचवटे दिसायचे आणि मुळं कुरतडलेली मेथी आडवी पडलेली असायची. बाबा म्हणाले, "औषध टाक. खलास."

"दर शुक्रवारी बुद्धवंदनेत जीव घेणार नाही म्हणून शील घ्यायचं, आणि घरी येऊन विष कालवायचं?" आई म्हणाली. "तुम्ही काय तिथं नुसते ओठ हलवता होय?"

मग न मारता काय करता येईल ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी इंग्रजीत वाचायचे आणि आईला अडखळत मराठीत सांगायचे. आम्ही दोघी इतकं पूर्वी कधी बोललो होतो का? आठवत नाही. आम्ही सगळा वाफा उपसला, तळाशी बारीक जाळी अंथरली, कडांना वर वळवली, माती परत भरली. साबणाच्या पाण्यात एरंडेल मिसळून भोवती शिंपडलं. वाफा वाचला. फक्त कढीपत्त्यापाशी एक उंदीर उरला. तो एका सकाळी आम्ही लावलेल्या पिंजऱ्यात सापडला.

आईनं पिंजऱ्यावर ओला फडका टाकला. "ऑफिसच्या आधी सखीरकडे वाळवंटात मोकळ्यावर सोड. ऊन चढायच्या आत."

सखीर एका टोकाला, माझं ऑफिस दुसऱ्या टोकाला, सीफला. मला निघायलाच उशीर झाला होता. ऑफिसला फोन करून सांगता आलं असतं — पण काय सांगणार होते? गाडीत उंदीर आहे म्हणून? मी सरळ सीफला गेले. एका फलकाच्या सावलीत गाडी लावली, काच बोटभर खाली ठेवली. इथल्या जूनमध्ये. सावली सरकते, हे मला माहीत नव्हतं?

विसरले, असं लिहायचा मोह होतोय. विसरले नव्हते. सकाळभर तो डोक्यात होता. जेवायच्या सुट्टीत ऑफिसातल्या सगळ्या मॉलमध्ये निघाल्या आणि एकीनं हाक मारली, "यल्ला, चल, येतेस ना?" मला सहसा कुणी बोलवत नाही. मी गेले. गाडीजवळूनच गेले. मान वळवली नाही.

संध्याकाळी फडका वाळून कडक झाला होता. उंदराचं तोंड तारांमध्ये रुतलेलं होतं. मी त्याला पिशवीत घालून कचऱ्यात टाकलं.

"सोडलास?" आईनं विचारलं.

"हो. मागे वळून बघितलंही नाही त्यानं."

आई इतकी हसली, की मला वाटलं — झालं, संपलं.

पण गाडीत वास राहिला.

शुक्रवारी वंदनेला जाताना आम्ही विशाखाताईंना घेतो. त्या एका ऑफिसात क्लार्क आहेत, इथे एकट्याच राहतात. बाबांना आवडते म्हणून सुकटीची चटणी डब्यात घेऊन येतात. त्या दिवशी त्या माझ्यामागे बसल्या होत्या, डबा मांडीवर. आई नाक आक्रसून म्हणाली, "कसला गं वास हा?"

आणि मी — जिला दोन वाक्यं बोलायला दहा वेळा विचार करावा लागतो — पटकन म्हणाले, "मागच्या वेळी ताईंचा डबा सांडला असेल."

आमच्या लोकांत वासावरून कुणी कुणाला बोलत नाही. का, ते मला बाबांच्या शाळेच्या आठवणींतून लहानपणापासून माहीत आहे — 'वास येतो' म्हणून त्यांना वर्गात लांब बसवायचे. माहीत असून बोलले. आरशात ताई डब्याचं झाकण चाचपत होत्या. मग हसल्या. "असेल हो. म्हातारी झाले, झाकण नीट लागत नाही माझ्याच्यानं." चाळिशीच्या आहेत त्या.

वंदनेनंतर आईनं उंदराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. माझ्या लेकीनं शील पाळलं, म्हणाली. सगळे म्हणाले, "साधू, साधू, साधू." ताईंचा आवाजही त्यात होता.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी डबा आणला नाही. नंतर त्या बसनं येऊ लागल्या. "उगाच तुम्हाला वळसा," म्हणाल्या. बाबा अजून अधूनमधून चटणीची आठवण काढतात.

जाळी छान टिकली आहे. यंदाच्या हिवाळ्यात कोथिंबीर दाट आली. आईनं सगळ्यांना जुड्या वाटल्या आणि ताईंची माझ्याकडे दिली. मी त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी थांबवून काच खाली केली. त्या जिना उतरून आल्या, "जय भीम बेटा" म्हणाल्या, आणि गाडीपासून जरा लांबच थांबल्या. तिथूनच वाकून त्यांनी हात पुढे केला.

मी जुडी दिली. काच वर घेतली.