बोरी अरबच्या विमानपंख्याचा रंग

आम्ही नागपुरातले चार रिकामटेकडे मिळून पहिल्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती बनवतोय. सांगाडा झाला, कापड चढलं. घोडं अडलं ते समोरच्या लाकडी पंख्याच्या रंगापाशी, कारण जुने फोटो सगळे काळे-पांढरे. अशात कळलं, की बोरी अरबला एका घरी अस्सल पंखा आहे. त्यांचे पणजोबा फौजेच्या विमान-कारखान्यात सुतार होते, त्यांनी आणलेला. लाकडाला दिलेला मूळ रंग अजून शाबूत. एवढा एकच नमुना आमच्या आवाक्यातला होता. मी फोन केला आणि रविवारी निघालो.

नागपूर ते यवतमाळ एसटीनं साडेतीन तास धरा. यवतमाळच्या स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा खा, तिखट झेपत असेल तर. पुढे दारव्ह्याची गाडी पाऊण-एक तासात बोरीला सोडते. वाटेत कपाशी, तूर, पुन्हा कपाशी. निसर्गसौंदर्य वगैरे शोधत असाल तर हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

घरमालक गुणवंतराव सत्तरी ओलांडलेले. पंखा ओसरीतच टांगलेला होता. पिवळाधमक, नव्या पाटासारखा.

"तुमचा फोन आला अन् मी लागलो कामाले," ते म्हणाले. "पार काळा पडलता. पाहुण्यायले असा दाखवाव काय? दोन दिवस पॉलिश पेपरनं घासला, मंग वार्निश मारलं."

जुना रंग कुठे उरलाय का, म्हणून मी भिंग काढून मागची बाजू तपासली, बोल्टची भोकं तपासली.

"तिथं बी केलं, काडीले पेपर गुंडाळून," असं म्हणत त्यांनी तळहात पुढे केले. फोड आले होते.

राग आला होता, चांगलाच आला होता. पण ते हात पाहून मी भिंग खिशात टाकलं.

"आधी रंग कसा होता हो?" मी विचारलं.

"काळाच होता बा."

"काळा कायचा?" काकू आतून बाहेर आल्या. "लाल होता, गुळाच्या पाकावानी. दर दसऱ्याले पुसते कोण? मीच नं!"

"तुले काय समजते त्यातलं?"

"पुसाले समजते!"

जेवायला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि ज्वारीची भाकर. दोन भाकरी झाल्या तरी काकू वाढतच होत्या. निघताना गुणवंतरावांनी विचारलं, "काम झालं नं तुमचं?"

"झालं," मी म्हणालो.

नागपुरात मित्रांनी काकूंचा रंग मान्य केला. पुढच्या आठवड्यात तोच चढेल, माहितीच्या पाटीवर 'अंदाजे' असं लिहून. तुम्हीही अशी जुनी वस्तू पाहायला जाणार असाल, तर कशासाठी येताय ते फोनवर नीट सांगा. मी नुसतं "तुमचा पंखा पाहायला येतो" एवढंच म्हणालो होतो. रंग पाहायचाय, हे सांगितलंच नाही.