दिनूचं खोडलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. नंबर अनोळखी. पलीकडचा माणूस घाईघाईनं म्हणाला, "ताई, तुमचे भाऊ इथं खेडला पडलेत, वाचनालयात. लवकर या." मी म्हटलं, "राँग नंबर. माझा भाऊ चाकणला कंपनीत असतो आणि आत्ता त्याची फर्स्ट शिफ्ट आहे." आणि ठेवून दिला. पुन्हा वाजला. "ताई, दिनकर नाव आहे ना? अंगावर निळा युनिफॉर्म आहे..." आता मात्र मी त्या माणसाला झापलंच. अहो, युनिफॉर्म घालून माणूस वाचनालयात कशाला जाईल? आधी नीट चौकशी करा, मग लोकांच्या घरी फोन करा! तो पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तो माणूस अक्षरशः रडवेला होऊन म्हणाला, "ताई, पाया पडतो, ठेवू नका. कागदावर तुमचं नाव आहे. तपासणी, सुमनताई, आणि खाली हा नंबर. वर लिहिलंय... आइस हॉकी."

अख्ख्या खेड तालुक्यात आइस हॉकी हे शब्द लिहिलेला कागद एकाच माणसाच्या हातात असू शकतो. मेथी तशीच टाकून निघाले. थेरगावहून गाडी मिळाली, पण चाकणच्या चौकात कंटेनरमागे कंटेनर. ड्रायव्हर बिचारा हॉर्न वाजवत होता आणि मी मागं बसून एकच विचार करत होते, खेडला? खेडला कशाला? मी खेडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका इतका जोराचा होता की कुणी काही करू शकलं नसतं. ते चांगले गृहस्थ आहेत, माझ्या समाधानासाठी म्हणाले असतील. मी दोनदा फोन कापला होता हे त्यांना कुठं माहीत होतं?

दिनू माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. चाकणजवळच्या आमच्या गावात कारखाने आले तेव्हा तो कॉलेजात होता, आणि गावातली सगळी पोरं ज्या गेटांतून आत शिरली त्यातल्याच एकातून तोही शिरला. क्वालिटीत लागला. म्हणजे मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग गेजला लावायचा, मापात असला तर पुढं, नसला तर बाजूला. पूर्ण बाद नग लाल पेटीत. थोडं काम करून सुधारण्यासारखा असेल तर त्यावर पिवळी खूण करून वेगळा ठेवायचा, त्याला ते रिवर्क म्हणतात. मी तेव्हा चिंचवडच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवाळीला एकत्र जेवायला बसलो की आम्हा दोघांना कुणी पान वाढायला धजायचं नाही. मी आमंत्रणपत्रिकेतल्या चुका काढायची आणि हा ताटातल्या चकल्यांचे वेढे मोजायचा. आई म्हणायची, "दोघंबी सारखीच खोडकाढी. तुमाला चांगलं काय दिसतच न्हाई."

मग कंपनीनं त्याला दीड महिना कॅनडाला पाठवलं, नव्या मशीनच्या ट्रेनिंगला. गेला तेव्हा तीन स्वेटर आणि माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी घेऊन गेला. परत आला तो आइस हॉकी घेऊन! तिथल्या एका ऑपरेटरनं त्याला गावातल्या टीमची मॅच दाखवायला नेलं होतं. आता आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो. त्यावर धावायचं, पडायचं, मारामाऱ्या करायच्या, मला ऐकूनच हसू येत होतं. पण ह्याच्या डोक्यात बसला होता तो भलताच माणूस. टीमचा दुसरा गोलरक्षक. पहिला जायबंदी झाला तरच याला उतरवायचं, नाहीतर सबंध मॅच हा अंगावर ती गादीसारखी चिलखतं चढवून बाकावर बसलेला. "ताई, आणि काम काय माहितीये? बाकाला एक दार असतं. खेळाडू आत-बाहेर करतात ना, तर हा त्यांच्यासाठी दार उघडतो. लावतो. उघडतो. लावतो. सगळी मॅच!" हे सांगताना तो उठून आमच्या स्वयंपाकघराचं दार उघडून-लावून दाखवत होता.

निवृत्त झाल्यावर मी एका क्रीडाकोशाचं तपासणीचं काम घेतलं. चार-पाच हौशी मंडळी मराठीत जगभरातल्या खेळाडूंची चरित्रं आणताहेत. हिवाळी खेळांच्या खंडाला लेखक मिळेना. मिळणार कुठून, आमच्यात बर्फ बघितलेला माणूस कोण? मी दिनूचं नाव दिलं. त्याच्या वाट्याला सहा नोंदी आल्या. पाच त्यानं पटापट लिहिल्या. सहावी मात्र त्यानं स्वतः मागून घेतली होती, एका व्यावसायिक गोलरक्षकाची. उभ्या कारकिर्दीत मोजके सामने खेळलेला, बाकीचा वेळ बाकावर. संपादक म्हणाले, एवढ्या किरकोळ खेळाडूला नोंद कशाला? दिनू हटून बसला. त्या खेळाडूचं आडनाव आमच्या दोघांच्याही जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला बंडोपंत म्हणायला लागलो.

या बंडोपंतावर आम्ही बहीण-भावांनी जी भांडणं केली, ती जमिनीच्या वाटणीवरूनसुद्धा केली नव्हती. तो कंपनीच्याच पद्धतीनं काम करायचा. मी लाल पेननं खोडलं की ती लाल पेटी. पण एखादं वाक्य त्याला वाचवायचं असलं, की माझ्या लाल रेघेवर तो पिवळा मार्कर फिरवून कागद परत पाठवायचा. म्हणजे बाद करू नकोस, यावर अजून काम करतो. दाराचं वाक्य मी असंच खोडलं होतं. 'सामना चालू असता बाकाचे दार उघडण्याचे काम तो करीत असे.' समासात लिहिलं, 'संदर्भ? काढावे.' पंधरा दिवसांनी कागद पिवळा होऊन परत आला आणि सोबत कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोची प्रत. त्यात बंडोपंत दाराच्या कडीला हात लावून उभा! मी मुकाट्यानं वाक्य परत घेतलं. फोनवर तो इतका खूश होता, म्हणाला, "बघ राव ताई, बसला की नाही गेजला?" राव काय म्हणतोस रे बहिणीला, म्हणून मी ओरडले.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. टाळून उपयोग नाही.

बंडोपंताच्या नोंदीचा शेवटचा परिच्छेद त्यानं उशिरा पाठवला. चार वाक्यं होती. टीमनं त्याला काढलं, पुढे तो एका दुकानात लागला, वगैरे. मधलं एक वाक्य असं होतं: 'संघातून नाव कमी झाल्यानंतरही तो कित्येक महिने रोज सकाळी साहित्याची पिशवी घेऊन घराबाहेर पडत असे, घरी हे कोणालाही ठाऊक नव्हते.' मी ते खोडलं. आडवी, सरळ, लाल रेघ. आणि नेहमीप्रमाणे समासात, 'संदर्भ?' तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती ना! मी त्याला फोन केला. म्हटलं, "दिन्या, कादंबरी लिहितोयस का? घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, तर मग तुला कसं रे ठाऊक?"

तो हसला. मला वाटलं, हसला. मागून एस.टी.चा आवाज येत होता, कंडक्टर कुठल्याशा गावाचं नाव ओरडत होता. मला तेही कानावर पडलं आणि मी विचारलं नाही, की शिफ्टच्या वेळात तू स्टँडवर कसा? मग तो म्हणाला, "बरोबर आहे ताई. काढ ते."

त्याच्या मॅनेजरांनी त्याची लाइन बंद केली होती. मशीनच आता नग तपासतं, माणूस लागत नाही. एकवीस वर्षं काम केलेल्या माणसाला निरोप देऊन सात महिने झाले होते, आणि हे आम्हाला कळलं त्या दिवशी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, जेव्हा वैशालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कंपनीच्या गेटवर फोन लावला आणि पलीकडून सिक्युरिटीवाला म्हणाला, या नावाचं कुणी नाही. वैशालीनं फोन माझ्या हातात दिला. मला म्हणाली, "ताई, तुम्ही बोला, त्याला नीट ऐकू येत नाहीये." मग ती खाली बसली. "मी रोज विचारायचे हो, आज किती पीस रिजेक्ट झाले? आणि हे सांगायचे. रोज आकडा सांगायचे, ताई... कधी सात, कधी बारा."

कंपनीची बस बंद झाली, आता गाडीनंच जावं लागतं, असं त्यानं घरी सांगितलं होतं. हिशेबाचे मिळालेले पैसे दर महिन्याला पगार म्हणून घरात द्यायचा. पावणेसहाला युनिफॉर्म घालून, डबा घेऊन तळेगावच्या घरून निघायचा. कंपनीच्या गेटवरून पुढं जाऊन खेडच्या एस.टी. स्टँडवर बसायचा. साडेआठला वाचनालय उघडलं की तिथं. हे मला सांगितलं मुनीरभाईंनी. वाचनालयाच्या खाली त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्या दिवशी फोन केला तो त्यांनीच. मी तेराव्यानंतर त्यांची माफी मागायला गेले होते. ते म्हणाले, "अहो ताई, माफी कसली? मला वाटायचं, सायेब कोशाच्या ऑफिसातलेच आहेत. एक वाजला की इथं माझ्या बाकड्यावर डबा खायचे. भाजी चांगली असली की मला वाढायचे, म्हणायचे, ही माझ्या बहिणीची रेसिपी आहे." मी विचारलं, कधी काही बोलला का? कुणाशी तरी बोलला असेल ना? मुनीरभाईंनी मशीनवर साचलेले कागद सरळ केले. मग म्हणाले, "एकदा बोलले. की एक गोष्ट घरी सांगायचीये, पण तोंडानं जमत नाही. लिहून बघतो."

त्यानं लिहिलं होतं हो. लिहून माझ्याकडेच पाठवलं होतं. अख्ख्या जगात ते वाक्य वाचणारी मी एकटी होते आणि मी काय केलं, तर पुरावा मागितला! तीस वर्षं मी लोकांच्या ओळींमधलं राहिलेलं अनुस्वाराचं टिंब पकडलं. माझ्या सख्ख्या भावाचा आवाज मला पकडता आला नाही. लोक म्हणतात, सुमनताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, तुम्हाला कसं कळणार? कसं म्हणजे? मग मी कशाची ताई? ज्याचं नाक पुसलं, ज्याला बाराखडी शिकवली, तो स्टँडवर बसून मला फोनवर 'काढ' म्हणतो आणि मी खरंच काढते?

मुनीरभाईंनी त्याची फाइल जपून ठेवली होती, ती दिली. त्या दिवशी टेबलावर तीच उघडी होती. सगळ्यात वर बंडोपंताचं शेवटचं पान. माझी लाल रेघ. आणि तिच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळा मार्कर. काढ म्हणाला होता, पण काढलं नव्हतं त्यानं. समासात माझ्या 'संदर्भ?' समोर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताईशी रविवारी बोलायचे.' तो गेला तो गुरुवार होता.

मी संपादकांना फोन केला, ते वाक्य परत घ्या. ते म्हणाले, पानं छपाईला गेलीत. मी छापखान्यात गेले. या वयात दोन जिने चढून गेले, हात जोडले, म्हटलं, एक वाक्य, फक्त एक वाक्य घाला. संपादकांना तिथं बोलावून घेतलं. ते बिचारे खूप अवघडले. मग हळूच म्हणाले, "सुमनताई, पण त्या खेळाडूबद्दल ते खरं आहे का? संदर्भ काय द्यायचा?" मला त्यांचा रागही आला नाही. माझंच वाक्य ते मला म्हणत होते. बंडोपंत रोज सकाळी कुठं जायचा, ते देवाला ठाऊक. त्याच्या नोंदीत ते वाक्य खोटंच ठरलं असतं. खंड महिन्याभरात येईल. शेवटच्या परिच्छेदात तीनच वाक्यं असतील आणि नोंदीखाली दिनूचं नाव.

ते पान आता माझ्या टेबलावर आहे. रोज सकाळी चहा घेताना समोर असतं. त्या पिवळ्यावर काम करायचं राहिलं होतं, ते मी केलं आहे. वाक्य जिथलं होतं तिथलं करून इथं देते: कंपनीतून नाव कमी झाल्यानंतरही दिनकर सात महिने रोज सकाळी डब्याची पिशवी घेऊन घराबाहेर पडत असे, घरी हे कोणालाही ठाऊक नव्हते.

यातला स्वल्पविरामानंतरचा भाग खोडावा म्हणून मी कितीदा तरी पेन हातात घेतलं. निदान एका बहिणीला ठाऊक होतं, एवढं तरी त्यात बसावं. पण नाही खोडता येत. आता त्याला संदर्भ आहे.