भ्यालेला होकार

निजामाच्या राज्यात ज्याला ‘नाही’ म्हणून सुखरूप घरी जाता येईल, असा सरकारी माणूस मी जन्मात एकच पाहिला : आमचे हिवतापाचे डाक्टरसाहेब. मी तिसरी शिकलेलो, तीही उर्दूत. पण त्या तिसरीच्या जोरावर भीमपूरकडच्या खेड्यांत त्यांची बैलगाडी मी हाकली आणि त्यांचं बोलणं लोकांना मराठीत मीच सांगितलं. माझ्यासारखा सांगणारा त्या मुलखात दुसरा नव्हता, हे आजही कोणासमोर म्हणेन.

हैदराबादेहून तापाची नवी गोळी आली होती. तापावरच्या जुन्या कडू कोयनेलपेक्षा ती बरी की वाईट, हे माणसांना देऊनच कळणार होतं. पोळ्यापर्यंत राजीखुशीने वीस माणसं मिळाली तर साहेबांचं काम पुढे चालणार, नाही तर गाशा गुंडाळायचा. दुसऱ्या हाकिमाने एका सकाळीत उरकलं असतं. पटेलाने तर साहेब यायच्या आधीच गाव चावडीपुढे बसवून चाळीस अंगठे उठवून ठेवले होते, वर साहेबांसाठी दूध आटवलेलं. साहेब दूध प्यायले आणि कागद फाडला. म्हणाले, “डर का हां मेरेकू नको.” पटेल तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसा काही मीच फाडला!

मग साहेबांचं सुरू. रुमी टोपी गाडीत गवताखाली ठेवायची. कारण टोपी दिसली की लोक उठून उभे राहतात आणि उभा माणूस खरं बोलत नाही, असं त्यांचं मत. बोडक्या डोक्याने कपाशीच्या तासात उकिडवे बसायचे. एका बाईने कासार समजून बांगड्यांसाठी हात पुढे केला, तर तिलाही सगळं सांगितलं : कान वाजतील, मळमळेल, गुण येईलच असं नाही, आणि मधेच सोडलं तरी कोयनेल मिळेल. सांगून झालं की म्हणायचे, “अब तुम बोलो, क्या समझे.” कोणी हात जोडून “तुमी म्हणान तसं, मायबाप” म्हटलं की त्याचं नाव गेलंच. मी चिडायचो, “हां बोल रहा ना साब वो!” ते हसून पुढच्या तासात.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा एकोणीस झाले होते. उरली माझ्या नात्यातली एक म्हातारी. तिला एकाआड एक दिवस थंडी भरून यायची. तिने ऐकलं आणि धडाधडा सगळं परत सांगितलं, साहेबांहून बरं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “समजलं रे बाबा. पण मले आपलं जुनं कोयनेलच बरं. काऊन, ते नको विचारू.”

साहेबांना मराठी कळत नसे. मी म्हटलं, “हां बोली, साब.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. म्हातारीने अंगठा पदरात घट्ट गुंडाळून घेतला होता. त्यांनी शाईची डबी हळूच मिटली, तिच्या हातावर कोयनेल ठेवलं आणि उठले.

पोळा झाला, परतीचा हुकूम आला. आदिलाबादेला मोटारीपर्यंत मीच त्यांना सोडलं. वाटभर माफीचे शब्द जुळवत होतो. मराठीत जुळायचे, उर्दूत मोडायचे, आणि खरं सांगायचं तर मानच वाकत नव्हती. सामान चढवताना त्यांनीच विचारलं, “घर में किसीकू बुखार तो नहीं ना?” मी मान हलवली. मोटारीचा आवाज येईनासा होईपर्यंत तिथंच उभा होतो.

आता बांधावर एकटा बसलो की कधीमधी मोठ्याने म्हणतो, “नको बोली थी, साब.”