माहेरचा कोंबडा

आमच्या माहेरच्या गावदेवीला विकतचा कोंबडा चालत नाही. घरच्या खुराड्यातला लागतो, घरच्या अंड्यातून निघालेला, घरचे दाणे खाऊन वाढलेला. ही प्रथा लहानपणापासून बघत आले, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्यांनी स्वतःच्या हाताने खुराडी मोडली आणि आता जत्रा आली की दुसऱ्याच्या खुराड्यात हात घालतात त्यांच्याबद्दल. त्यात पहिला नंबर माझ्या सख्ख्या भावाचा.

माझं माहेर शीळफाट्याजवळ. तिथे आता बिल्डिंगी आहेत आणि त्यांच्या मधे देवीचं देऊळ तेवढं राहिलंय. जमीन बिल्डरला देताना बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमच्यात करतातच. सही नाही केली तर माहेर तुटतं असं सगळ्या सांगतात, म्हणून सगळ्या करतात, आणि वर भावाच्या घरी जेवून, साडी घेऊन हसत घरी जातात. मीही हसले होते. अंगण मोडायला मशीन आलं त्या दिवशी आई कोंबड्या डाल्याखाली झाकून त्या डाल्याजवळ बसून राहिली होती. भाऊ मला म्हणाला, "ताई, ह्यांचं तूच काय ते बघ. वर सोसायटीत चालायच्या नाहीत. नाहीतर आज रात्रीच्या जेवणाला लावतो."

म्हणून मी एक कोंबडा आणि दोन कोंबड्या रिक्षात घालून ठाकुर्लीला आणल्या. सासरचं बैठं घर अजून उभं आहे, मागे थोडी जागा आहे. माहेरातून मी आणलं ते एवढंच.

ही जात आईच्याही आईपासूनची. तिला नाव नाही. बाहेरचे सरसकट गावठी म्हणतात. पण हिची मान बोडकी असते, लाल, एक पीस नाही, पाय उंच आणि पिवळे. शेजारच्या टॉवरमधल्या बाया गॅलरीतून विचारायच्या, "अहो, हिला काही रोग झालाय का?" रोग नाही, उन्हाळ्यात हीच टिकते. दुकानातली पिल्लं माना टाकतात तेव्हा ह्या भर दुपारी माती उकरत असतात. अंडी लहान, पण खुडूक झाली की अंड्यांवर अशी बसते की जवळ हात नेणाऱ्याची खैर नाही. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो.

आई भावाकडे सातव्या मजल्यावर राहते. रोज सकाळी तिचा फोन यायचा. बोलायचं काही नसायचं. "बाय, फोन धर तेच्यापुढं," एवढंच. मी फोन खुराड्यापुढे धरायची. कोंबडा आरवायचा, आई ऐकायची आणि फोन ठेवायची. माझा चहा उतू जायचा, पण ते चालायचं.

दरवर्षी चैत्रातल्या जत्रेआधी भाऊ येऊन एक कोंबडा न्यायचा. मी द्यायची. देवी माझीही आहे. पण गेल्या साली मुंगसाने तरणे कोंबडे मारले आणि जुना एकच उरला. मी भावाला फोनवर स्पष्ट सांगितलं, "यंदा नाही. हा गेला तर जात गेली. एक खुडूक बसू दे, पिल्लं निघू देत, नर निघाला की हा म्हातारा तुझा." तो म्हणाला, "ठीक आहे गं ताई, बघू." मी त्याचं ठीक आहे खरं धरलं.

मी डोंबिवलीला एका दुकानात ब्लाउज शिवते. संध्याकाळी घरी आले तर डाल्याखाली एक तांबडा, फुगीर कोंबडा पायाला सुतळी बांधलेला. मानेवर भरगच्च पिसं. पोल्ट्रीतला रंगीत, गावठी म्हणून विकतात तो. मी नवऱ्याला विचारलं, आपला कुठाय. तो टीव्हीसमोर होता. म्हणाला, "तुझा भाऊ घेऊन गेला. त्याच्या बदल्यात हा दिलाय, चांगला वजनदार आहे."

"आणि तू दिलास?"

"अगं, मेहुणा दारात आला. नाही कसं म्हणायचं?"

बायकोला नाही म्हणायला ह्या माणसाला कधी अडचण आली नाही. मेहुण्यापुढे मात्र जीभ टाळ्याला चिकटली. भावाला फोन लावला तर देवळातले ढोल ऐकू आले. देवीला कोंबड्याचा मान देऊन झाला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. आधी तो तांबडा उचलला. तो सुतळी तोडून कोंबड्यांत शिरला असता तर उरलीसुरली जातही गेली असती. तो टॉवरच्या वॉचमनला देऊन टाकला आणि नवऱ्याला सांगितलं की आज स्वयंपाक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. मी तो खुराड्यापुढे धरला नाही. ती म्हणाली, "बाय, कोंबरा आरवला नाय?" तिला कोणी खरं सांगितलंच नव्हतं. भावाने तिला सांगितलं होतं की यंदा कोंबडा दुसरीकडून आणला.

आणि दुपारी भाच्याच्या हाती डबा आला. वाटा. देवीला पडलेल्या कोंबड्याचा वाटा लग्न झालेल्या बहिणींना जातो, ही आमची रीत. भावजयीने झणझणीत रस्सा केला होता, वर तंगडी ठेवली होती. उंच, लांब हाडाची तंगडी. मी ओळखली. 

झाकण लावलं आणि तोच डबा घेऊन रिक्षाने शीळफाट्याला गेले. भाऊ सोफ्यावर पाय पसरून बसला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला.

"काय झालं? तिखट झालंय का?"

"मी नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अरे यार ताई, एका कोंबड्यावरून किती तमाशा. बदल्यात दिला ना तुला?"

"देवीला विकतचा चालत नाही, आणि मला चालतो?"

तो हसला. मग जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "आणि तुझा कसा गं तो? कोंबडा आपल्या घरचाच. माहेरचाच होता ना?"

म्हणजे जमीन त्याची, अंगण त्याचं, देवीपुढे पहिला उभा राहायचा मान त्याचा, आणि मी मुंगसापासून राखलेला, पावसात पोत्याखाली झाकलेला, रोज ज्याची घाण काढली तो कोंबडाही त्याचाच. मी सही केली ती जमिनीवर. कोंबडीच्या पोटातल्या अंड्यांवर केली नव्हती. हे मी त्याला ऐकवलं, जरा मोठ्यानेच. शेजारच्यांचं दार उघडलं. भावजय म्हणाली, "ताई, हळू बोला, सोसायटी आहे." मी म्हणाले, "ऐकू दे सोसायटीला."

आई कॉटवर बसून सगळं ऐकत होती. तिने भावाकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "कोंबऱ्या अंडी घालतान का?"

"एक घालते."

"मंग रोजची येचून ठेव. कोंबरा गेला तरी पंधरा दिस अंडी खरी, पिलांची येतील. दुसरी खुडूक झाली का बसव."

भाऊ म्हणाला, "वैशाखात कोण बसवतं? उन्हाने सडतील."

त्याचं खरं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात अंडी बसवत नाहीत. पण मला दुसरा मार्गच त्याने ठेवला नव्हता. अंडी गोळा केली, तांदळाच्या डब्यात टोक खाली करून ठेवली, आणि दुसरी कोंबडी खुडूक झाल्याबरोबर मोरीशेजारी गारव्याला टोपली मांडली. खाली ओली वाळू, वर गवत, वळवाच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कडेला लोखंडी खिळा आणि कोळसा. नवरा मधून मधून वाळूवर पाणी शिंपडायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते, तरी शिंपडायचा. ते मी पाहिलं, पण तेव्हा कबूल केलं नाही.

बरीचशी अंडी सडली. मोरीत वास मारायला लागला. शेवटी तीन पिल्लं निघाली, बोडक्या मानेची, आणि त्यातलं एक घारीने नेलं. उरलेल्या दोघांना मी खुराड्याबाहेर एकटं सोडलंच नाही, दुकानातून दुपारी धावत घरी यायची. श्रावणात एकाचा तुरा वाढायला लागला. मी कोणाला सांगितलं नाही. भाद्रपदात एका सकाळी तो कुंपणावर चढला, मान ताणली आणि फाटक्या गळ्याने आरवला. आरवणं कसलं, गंजलेलं दार उघडल्यासारखा आवाज.

मी आईला फोन लावला आणि त्याच्यापुढे धरला. तो परत ओरडला.  पलीकडून आई म्हणाली, "गला फुटतोय. होईल." तिचा आवाज ओला होता, माझेही डोळे भरून आले, आणि तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला, अगदी मजेत: "अरे वा, झाला का नवा? जत्रेपर्यंत तयार होईल ना गं ताई?"

मी आईला म्हटलं, फोन त्याच्याकडे दे.

त्याला सांगितलं, "देवीला घरच्या खुराड्यातला लागतो ना? मग तुझ्या घरी खुराडं बांध. गॅलरीत बांध. अंडी मी देते, खुडूक कोंबडीही देते. तू बसव, तू राख, रोज सकाळी तू घाण काढ. त्यातून निघालेला कोंबडा खुशाल ने."

तो म्हणाला, "वेडी आहेस का? सोसायटी काय म्हणेल?"

चैत्रात जत्रा झाली. आई म्हणाली, भावाने कोंबडा कल्याणच्या बाजारातून आणला, लोकांना घरचा म्हणून सांगितलं. वाट्याचा डबा आला. मी तो न उघडता, आला तसा परत पाठवला. सकाळी आईचा फोन आला तेव्हा कोंबडा कुंपणावरच होता.