तळ्याच्या तळाशी बोललेली मराठी

नोकरीसाठी इचलकरंजीहून चेन्नईला आले तेव्हा शनिवारची दुपार मला खायला उठायची. आठवडाभर मोटारींच्या सीटांची डिझाइनं करण्यात वेळ जायचा, पण सुट्टीच्या दिवशी तांबरमच्या त्या दोन खोल्यांत भिंतींशिवाय बोलायला कोणी नव्हतं. तमिळ येत नव्हतं. माझी ही अवस्था पाहून ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला एका दुकानाचा पत्ता दिला.

दुकान पटावरच्या खेळांचं होतं. पुढे विक्री चालायची आणि मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. काउंटरवर पैसे भरले की त्या टेबलाशी एक खुर्ची आपली आणि दुपारभर गोष्ट खेळायची. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण बोलून सांगायचं, आणि ते जमतं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आईला फोनवर हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "गोष्ट ऐकायला पैसे भरतेस? लहानपणी मी फुकट सांगत होते तेव्हा अर्ध्यात झोपायचीस."

गोष्ट सांगणारी होती दातांची डॉक्टर, माझ्याच वयाची. तिच्यासमोर पुठ्ठ्याचा एक आडोसा असायचा आणि त्यामागून ती इंग्रजीत बोलायची, मध्येच तमिळमध्ये शिरायची. टेबलाशी कॉलेजातले दोन मित्र होते. आणि साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, सुती साडी, कानात हिऱ्याच्या कुड्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. परदेशातल्या मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्यासाठी इथली खुर्ची घेतली होती. एकदा जाऊन बघू म्हणून आल्या आणि मग येतच राहिल्या. गोष्टीत त्या वैद्य होत्या, मी भाडोत्री धनुर्धारी. आम्ही एकमेकींशी इंग्रजीत बोलायचो आणि मी त्यांना आंटी म्हणायचे.

पहिल्या एक-दोन वेळा मला नुसतं अवघडल्यासारखं व्हायचं. मोठ्या माणसांनी "मी तलवार उपसतो" वगैरे म्हणायचं म्हणजे काय! पण डॉक्टर एकदा एका आटलेल्या तळ्याचं वर्णन करू लागली. चिखलाला पडलेल्या भेगा, मधोमध अर्धं गाडलेलं देऊळ, पायांखाली कचकन मोडणारे शिंपले. वर पंखा घरघरत होता, खाली रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते, आणि टेबलावर पाण्याच्या बाटल्यांखेरीज काही नव्हतं. तरी मी पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. शेजारी पाहिलं तर आंटींनीही साडीच्या निऱ्या जराशा वर धरल्या होत्या. आम्ही पाचही जण एकाच तळ्यात उभे होतो. ते कुठून आलं, कोणी आणलं, याचा विचार मी आजही करते आणि आजही थक्क होते.

त्या देवळाच्या दाराशी एक जनावर बसलेलं होतं. डॉक्टर म्हणाली की ते म्हातारं आहे, पाणी गेल्यापासून एकटं आहे आणि कोणालाही आत सोडत नाही. कॉलेजातल्या मित्रांनी लगेच हत्यारं काढली. मीही बाण लावला.

आंटी म्हणाल्या, "थांबा. मी त्याच्याशी बोलते."

डॉक्टरने विचारलं, कुठल्या भाषेत बोलणार? तळ्याकाठच्या गावकऱ्यांची भाषा त्याला कळत नाही, हे आपण मागेच पाहिलंय. आंटी म्हणाल्या की आमच्या घरातली एक जुनी भाषा आहे, आता बोलायला कोणी उरलं नाही, त्या भाषेत बोलते. आणि पुठ्ठ्याच्या आडोशाकडे पाहत, अगदी हलक्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"नको भिऊ. एथे बैस. मी आहे."

हेल तमिळ होता, शब्द लांबवून टेकवलेले, पुढच्या काही वाक्यांतली क्रियापदं मी कधी ऐकली नव्हती. पण मराठी होती ती. जुन्या पोथीतली वाटावी अशी, आणि तरी एखाद्या आजारी लेकराच्या उशाशी बसून बोलावं इतकी घरगुती. त्या जनावराला विचारत होत्या, तहान लागली का, तुझी माणसं कुठे गेली.

बोलणं संपल्यावर त्यांनी फासा टाकला. तीन. डॉक्टरचा चेहरा पडला. तिने हळूच सांगितलं की जनावर गुरगुरत उठतंय, त्याला काही समजलेलं नाही. मग नियमाप्रमाणे तिने विचारलं, "वैद्यबाईंना कोणी साथ देऊ शकतं का? त्यांची भाषा इथे कोणाला येते?"

मी हात वर केला.

आंटी वळल्या. मी धनुष्य खाली ठेवलं असं सांगितलं आणि जनावराला म्हणाले, "त्या खरं सांगताहेत. आम्ही तुझं काही न्यायला आलो नाही. जरा टेक इथे." आंटी माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मीच त्या देवळातून बाहेर आले होते. डॉक्टरने पुन्हा फासा टाकायला सांगितलं तर त्यांना ते ऐकूच आलं नाही. शेवटी मी तो त्यांच्या हातात दिला. या वेळी तेरा पडले. तेवढे पुरेसे होते. जनावराने पुढचे पाय दुमडले, डोकं चिखलावर टेकलं आणि दार मोकळं झालं. कॉलेजातले मित्र हत्यारं विसरून नुसते बघत होते.

खेळ थांबवून आम्ही कॉफी प्यायला खाली उतरलो. त्यांनी सांगितलं की त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला आले आणि पुढच्या पिढ्या तिथून चेन्नईला. मुलं तमिळ आणि इंग्रजीत वाढली. थोरली बहीण होती तोवर रोज फोनवर ही भाषा चालायची. ती गेली आणि तोंडातली भाषाही गेली. इतकी वर्षं बँकेत महाराष्ट्रातून बदलून आलेली माणसं शेजारी बसायची, पण त्यांच्यासमोर कधी बोलल्या नाहीत. आपली मराठी ऐकून ती हसतील असं वाटायचं.

"मग आज कशा बोललात, आंटी?" मी मराठीत विचारलं.

"आंटी नको. अक्का म्हण," त्या म्हणाल्या. आणि मग, "त्या जनावराला कोण हसायला शिकवलं असेल?"

माझ्या घरीही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि कॉफी निवेपर्यंत सोडलं नाही.

आता शनिवारी खेळाआधी मी त्यांच्याकडे जेवायला जाते. त्या चिंचेचा आंबट भात करतात, मी भाकरी थापून दाखवते. माझे काही शब्द त्यांना परके वाटतात, त्यांचे काही मला. कधी एखाद्या शब्दापाशी दोघी अडतो आणि मग त्या हाताने ती वस्तू दाखवतात. डॉक्टरने आमच्यासाठी गोष्टीत नवं गाव वसवलंय, डोंगरापलीकडचं. तिथली माणसं आम्हा दोघींचीच भाषा बोलतात. ती भाषा तिला येत नाही, म्हणून त्या गावात पोचलो की ती आडोसा बाजूला सारते, हनुवटी हातावर टेकवते आणि अक्कांना म्हणते, आता तुम्ही सांगा.