गल्लीत उडालेले पापड

ये बाई, जवळ सरक जरा. तू तिकडे पुण्यात नि मी इथे लखनौच्या तेलीबागेत, म्हणून काय झालं? कान धरण्याइतका माझा हात लांब आहे. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, कंपनी बंद झाल्यावर आजोबा तो घर पर ही बैठे थे ना?" घरी बसले होते म्हणे! आजोबा शेजारीच पेपर वाचत होते. फोन स्पीकरवर, ऐकलं त्यांनी. मग बराच वेळ पान उलटलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. नीट वाच, नुसतं हाँ-हाँ करून पुढे पळू नकोस.

नव्वद साल उलटून गेलं होतं. ज्या कंपनीने आम्हाला साताऱ्याहून लखनौला आणलं, तिलाच टाळं लागलं. आजोबा तिथे स्टोअर सांभाळायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कंपनी गेली तरी रोज सकाळी तोच शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. कुणी आलंच तर सांगायचे, "आज जरा छुट्टी ली है."

घर चालवलं पापडांनी. तुझी पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, उडदाचे पापड फार सुरेख करायच्या. चारबागेतल्या एका किराणावाल्या भैयाने चाखले नि म्हणाला, "माताजी, जितना बनाओगी, सब रख लूँगा." पण पापडात खरं काम लाटण्याचं नाही गं, कुटण्याचं. हिंग, मिरे, पापडखार घालून मळलेलं पीठ म्हणजे नुसता दगड. ते तेलाचा हात लावून पाट्यावर जड लोखंडी बत्त्याने कुटत राहायचं, मऊ होऊन दोरीसारखं ओढलं जाईपर्यंत. सासूबाईंचे खांदे भरून आले, माझी मनगटं सुजली. एक दिवस आजोबा उठले, शर्ट काढून खुंटीला लावला नि म्हणाले, "सरका."

पण अट एकच. दार लावायचं, खिडकीसुद्धा. इथल्या उन्हाळ्यात! "अहो, आपणच भाजून निघू," मी म्हणायचे. "गल्लीत कळता कामा नये," एवढंच उत्तर. धमधम आवाज तर बाहेर जायचाच. शेजारच्या भाभीजींनी विचारलं की मी सांगायचे, सासूबाई मसाला कुटताहेत. चारबागेला डबे मीच न्यायचे, टेम्पोतून. कष्टांचं मला काही वाटत नव्हतं. भीती होती ती या माणसाची. असाच दाराआड राहिला तर आतल्या आत सुकून जाईल, असं वाटायचं.

मग एका लग्नाचं काम आलं. एवढे पापड घरात वाळवायला जागा कुठली? सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे देतात तसा कोवळ्या उन्हाचा चटका देऊ, गच्चीवर." जुनी लुगडी अंथरली, कडांना विटा ठेवल्या, पापड मांडले आणि खाली येऊन पुढचं पीठ घेतलं. साताऱ्याचं सकाळचं ऊन कसं गुणी, घातलेलं वाळवण जागेवर सोडतं. इथली लू, दिवस चढला की सुटणारा तो तापलेला वारा, आमच्या ध्यानातच आली नाही बघ. इतकी वर्षं इथे काढून!

लुगडी राहिली विटांखाली आणि पापड निघाले फिरायला.

"अरे भाभीजी! आसमान से पापड़ बरस रहे हैं!" गल्लीतून हाक आली.

मी धावले. पण एकटीला काय आवरणार? वळून पाहिलं तर आजोबा उंबऱ्याच्या आत उभे. अंगात बनियन, कोपरापर्यंत पीठ, हातात बत्ता. पाऊल काही पुढे पडेना.

सासूबाई मागून म्हणाल्या, "अरे, बघत काय राहिलास? तुझे कष्ट चाललेत उडत!"

आणि निघाले गं ते बाहेर! तसेच, बनियनवर, बत्ता काखेत मारून. कडुनिंबाखालून, नालीच्या कडेने, कुणाच्या स्कूटरवरून पापड वेचत सुटले. भाभीजी पदरात पापड घेऊन आल्या. समोरचे मास्टरजी उलट्या छत्रीत घेऊन आले. या मास्टरजींना खोडी काढल्यावाचून अन्न पचायचं नाही. बत्त्याकडे बघत म्हणाले, "क्यों बाबूजी, रोज़ की वो धम-धम माताजी करती थीं? इस उमर में? गज़ब ताक़त है!"

सगळे हसले. आजोबांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग मास्टरजींकडे.

"नहीं मास्टरजी. कूटता मैं हूँ. बेलती हैं ये दोनों." आणि बत्ता पुढे केला. "लीजिए, ज़रा उठाके देखिए."

मास्टरजींनी उचलला, "बाप रे" म्हणाले आणि मुकाट्याने परत दिला.

धुळीत पडलेले पापड गाईला गेले. तेवढे पुन्हा करायचे होते. ऊन उतरल्यावर पीठ घेतलं आणि आजोबांनी स्वतः उठून दार सताड उघडलं. भाभीजी आपलं बेलन घेऊन आल्या, लाटता लाटता निम्म्या लाट्या कच्च्याच तेलात बुडवून खाऊन गेल्या. लग्नाचे पापड चारबागेला आजोबांनीच नेले, सायकलला डबे बांधून. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

घरी बसले होते हे खरंच, पोरी. पाट्यासमोर बसले होते. आता बत्ता उचलत नाही त्यांच्याने, पण पीठ झालं की नाही ते अजून बोटाने दाबून तेच सांगतात. फोनवर सॉरी-बिरी नको. लू सुटायच्या आत ये, त्यांच्यासमोर पाट्याशी बस आणि म्हण, "आजोबा, शिकवा." लाट्या नि तेल मी काढून ठेवते. ये हं लवकर.