रोममधल्या पाकोळ्या

आई फोनवर "जेवलीस का" असं कधीच विचारायची नाही. "आज कोणता पक्षी दिसला?" हा तिचा पहिला प्रश्न. सांगलीच्या शाळेत तिनं तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला मी एकटीच उरले. शारजात अल नहदाच्या चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला पक्षी दिसून दिसून किती दिसणार? पण दर रविवारी हजेरी द्यावीच लागे. मग मी बाल्कनीतली कबुतरं, तळ्याकाठच्या साळुंक्या, कधीतरी हिरवळीत चोच खुपसणारा हुदहुद असं काहीबाही सांगायची. पलीकडे ती वहीत लिहून घ्यायची. तारीख, ठिकाण, पक्षी. मला त्याचा भारी वैताग यायचा.

आठ वर्षं माझी प्रत्येक रजा सांगलीला गेली. लग्नं, मुंजी, बँकेची कामं, दातांचा डॉक्टर. त्या वर्षी नवरा म्हणाला, "एकदा तरी आपण तिघंच कुठंतरी जाऊ या. इटली बघू. या ईदला. यल्ला, चला, ठरलं!" तिकिटं काढली, हॉटेल ठरलं, आणि मग आईचा फोन आला. जन्मात कधी काही न मागणारी बाई म्हणाली, "या ईदला येशील का गं? दोन दिवस का होईना."

मी म्हणाले, "अगं, लीव्हच अप्रूव्ह होत नाहीये. मॅनेजर ऐकायलाच तयार नाही."

दुबईत, देरातल्या आमच्या ऑफिसात त्या मॅनेजरनं माझ्या अर्जावर उभ्या उभ्या सही केली होती. वर म्हणाला होता, "जाओ, फॅमिली के साथ एन्जॉय करो." खरं सांगितलं असतं तर आईनं मला इटलीतल्या पक्ष्यांची यादी पाठवली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आई एकटी असताना मौजेला जायचं, हे तोंडानं कबूल करायची मला लाज वाटली. आणि लाजेपोटी मी त्या बिचाऱ्या मॅनेजरला खलनायक केलं.

रोममध्ये आम्ही चार दिवस नुसते चाललो. इथं शारजात आम्ही पार्किंगपासून लिफ्टपर्यंत काय चालतो तेवढंच, त्यामुळे तिथल्या दगडी रस्त्यांनी पायांचे तुकडे पाडले. नवऱ्यानं पहिल्या रात्री चीज आणि मिरी घातलेला पास्ता मागवला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "या शेवयांना काहीतरी हवंय." मग बॅगेतून शेंगदाण्याची चटणी निघाली. वेटर बघत उभा राहिला तेव्हा नवऱ्यानं सवयीनं त्यालाही "हबीबी, ट्राय!" म्हणून चमचा पुढे केला. त्या भल्या माणसानं चाखलीसुद्धा, आणि डोळ्यांत पाणी आणून आत गेला. लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मीही हसले, पण हसणं पोटापर्यंत पोहोचत नव्हतं.

कारण जिथं जावं तिथं पक्षी. मुद्दाम केल्यासारखे. एका चौकात भल्यामोठ्या कुरव पक्ष्यानं लेकीच्या हातातला पिझ्झाचा तुकडा उचलला आणि समोरच्या पुतळ्याच्या डोक्यावर बसून खाल्ला. एका बागेत उंच झाडावर ओळखीची किर्रकिर्र ऐकू आली, वर बघते तर हिरवे पोपट, गळ्याला काळी पट्टी. लेक ओरडली, "मम्मा, लुक! दे आर अवर पॅरट्स!" खरंच आपलेच होते. नदीच्या कडेला मांजराएवढा एक केसाळ प्राणी नारिंगी दात दाखवत गवत खात बसला होता. नवरा म्हणाला, "घूस." घूस नव्हती ती. काय होतं ते आईनं वर्णनावरून सांगितलं असतं. बघितलेलं तिला सांगितल्याशिवाय ते बघून होत नाही, हे मला तिथं कळलं, आणि सांगायची वाट तर मीच बुजवून ठेवली होती. लेकीला मी बजावलं होतं, आजीला फोटो पाठवायचा नाही. ती "व्हाय?" म्हणाली. मी ओरडले तिच्यावर.

रविवार आला. आईला फोन करायची वेळ झाली तेव्हा आम्ही एका पुलावर उभे होतो. उन्हं कलली होती आणि छपरांवरून पाकोळ्यांचे थवेच्या थवे किंचाळत फिरत होते. वेळ चुकवली असती तर ती काळजी करत बसली असती, म्हणून मी फोन काढला.

इथं अमिरातीत राहणाऱ्यांनाच कळेल अशी चूक मी केली. मेसेजच्या ॲपवरून इथं कॉल लागत नाही, कॉलसाठी वेगळं ॲप ठेवावं लागतं. तरी माझं बोट दर रविवारी आधी मेसेजच्या ॲपवरच जायचं. तो कॉल लागायचा नाही, मग मी दुसऱ्यावरून लावायची आणि पहिली पाच मिनिटं आईजवळ त्याबद्दल कुरकुर करायची. आठ वर्षं तिनं ती ऐकली होती. त्या दिवशीही बोट तिथंच गेलं, आणि कॉल लागला.

आई म्हणाली, "आज या ॲपवरूनच लागला?"

"हो गं, सुरू केलं बहुतेक इथल्या सरकारनं."

"बरं झालं." मग म्हणाली, "एक मिनिट गप्प राहा बघू."

दारात कुणी आलं असेल असं वाटून मी गप्प राहिले. डोक्यावर पाकोळ्यांचा कालवा चालला होता. मिनिटभरानं ती म्हणाली, "हं. सांभाळून राहा," आणि तिनं फोन ठेवला. त्या दिवशी तिनं पक्षी कोणता दिसला हे विचारलं नाही. सुटले, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी मी अल नहदातून, नेहमीच्या ॲपवरून फोन केला. "परत बंद केलं वाटतं ते?" ती म्हणाली. मी हो म्हणाले. मग तिचा प्रश्न आला, "काय दिसलं गं या आठवड्यात?"

"कबुतरं. दुसरं काय असणार इथं?"

"आठवून बघ ना."

"आई, कबुतरंच गं!" मी चिडून म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आईनं दार उघडलं नाही. शेजारच्या काकूंनी किल्लीनं उघडून बघितलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. माझी रजा याही वेळी उभ्या उभ्याच मंजूर झाली.

काकू माझ्याजवळ बसून रडत होत्या. "हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. ईदला तू आलीस की तुझ्याशी बोलून ठरवायचं म्हणत होती. तुला कळवू नका, तिकडं पोरीच्या जिवाला घोर लागेल, असं बजावलं होतं आम्हाला. आणि तू तरी काय करणार? ईदच्या रविवारी तुझा फोन येऊन गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला म्हणाली, 'रजाच देत नाहीत हो तिला मेले.' तुझ्या साहेबाला काय शिव्या घातल्या तिनं!"

म्हणजे तिला काही कळलं नव्हतं. त्या घरात, त्या दिवशी, मला हायसं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं खरं.

तेराव्यानंतर कपाट आवरताना तिची वही मिळाली. शेवटच्या पानावर, शेवटच्या दोन रविवारी तिनं दोनच नोंदी केल्या होत्या. खालची होती: "शारजा. कबुतरं. (ती म्हणते.)" तिच्या वरची होती: "पाकोळ्या, पुष्कळ. फोनवर आवाज ऐकला. देवळासारखी घंटाही. ठिकाण:" आणि पुढं अर्धी ओळ मोकळी सोडली होती.

सगळं ओळखून दुसऱ्या दिवशी तिनं काकूंसमोर माझी बाजू घेतली होती. आणि पुढच्या रविवारी मला दोनदा विचारलं होतं.

वही मी इकडं घेऊन आले आहे. लेक कधी कधी विचारते, "मम्मा, व्हाय डोन्ट यू जस्ट राइट इट?" रविवारी फोनच्या वेळेला बाल्कनीत कबुतरं घुमत असतात, आणि मी पेन घेऊन बसते. रोम. दोनच अक्षरं आहेत. ती मी तिला पुलावरून सांगू शकले असते.